फडाबाहेरून काढलेला नकाशा

कर्वेनगर, पुणे
रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

चि. अनिरुद्धभावजी यांस,
नंदावहिनीचा सप्रेम जयभीम.

फोन करणार होते, पण परदेशच्या फोनला मिनिटामागे इतके पडतात की माणसाला नीट रागावताही येत नाही. म्हणून हे एरोग्राम. मावेल तेवढे लिहिते, न मावलेले कडेने वाचा. दीक्षा म्हणते, काकांना ई-मेल कर. पण जे पत्र घडी घालून उशीखाली ठेवता येत नाही त्याला मी पत्र समजत नाही.

तुमचे दादा जाऊन तीन वर्षे झाली, म्हणून आता घरातल्या वस्तूंबाबत विचारायला तुम्हीच. आबांचा कुस्त्यांचा नकाशा ट्रंकेत होता. दादा असताना तो फारसा उघडू देत नसत. दीक्षा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजात जुन्या नकाशांवर काही करायचे होते, म्हणून तिने तो काढला आणि बुधवार पेठेत मोठ्या मशीनवर झेरॉक्स करायला नेला. झेरॉक्सवाला बोलका निघाला. चौथ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पांढरी सुमो उभी.

आलेल्यांचे नाव पृथ्वीराज. वाघोलीचे. वय तुमच्याएवढे, गळ्यात सोन्याची साखळी, पण चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या, एवढे लिहायलाच हवे. त्यांची काही जमीन कॉलेजला गेली. उरलेल्या जागेत ते आजोबांच्या नावाने कुस्ती संकुल बांधताहेत. आजोबा म्हणजे दत्तोबा पैलवान. आबांच्या नकाशात वाघोलीपाशी जो पैलवान शड्डू ठोकतोय त्याच्या खाली हेच नाव छापलेले आहे. संकुलाच्या दारातल्या वीस फुटी भिंतीवर हा सगळा नकाशा रंगवून घ्यायचा, असे त्यांच्या मनात आहे.

तुम्हाला तो नीट आठवत नसेल म्हणून सांगते. वर ठळक अक्षरांत 'कुस्तीशौकिनांसाठी पुणे जिल्ह्याचा सचित्र नकाशा, सन १९५१'. एकतीस गावे. प्रत्येक गावाशी तिथल्या फडाचे बोटभर चित्र, जत्रेची तिथी, शेवटची कुस्ती कोण मारतो त्याचे नाव. एसटी जाते तिथे लाल मोटार, उतरून चालावे लागते तिथे दोन पावले, चहा मिळतो तिथे कपबशी. एका कोपऱ्यात मारुती होता, तो आपल्या प्रतीत पांढऱ्या कागदाने झाकलेला आहे. आणि तळाशी, 'रेखाटन व मुद्रण : ग. वि. वनमाळी, वनमाळी लिथो प्रेस, बुधवार पेठ.' आबांचे नाव कुठेही नाही.

पृथ्वीराजांनी नकाशा विकत मागितला. आकडा ऐकून दीक्षाने हातातला कप खाली ठेवला. तो मी इथे लिहीत नाही, कारण मुद्दा तो नाही. मी म्हटले, नकाशा विकायचा नाही. भिंतीवर खुशाल रंगवा, त्याचे मी काही घेणार नाही. एकच अट, चित्रे ज्यांनी काढली त्यांचे नाव भिंतीवर आले पाहिजे. त्यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवले. मी म्हटले, ते छापणारे. काढणारे माझे सासरे, भीमराव धोंडिबा ओव्हाळ, त्यांच्याच प्रेसात नोकरीला होते. ते म्हणाले, "असंलही मावशी. पण पुरावा हाय का काय?"

पुरावा नाही. सासूबाईंनी मला सांगितले, त्यांना आबांनी. पण मी शोधणार आहे. नकाशा निम्मा तुमचा, तेव्हा तुमची संमती कळवावी. माझ्या धाकट्या जावेस, सोनालीस, आशीर्वाद.

तुमची वहिनी
नंदा

---

एडिसन, न्यू जर्सी
२४ नोव्हेंबर १९९८

प्रिय वहिनी,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसातून लवकर घरी आलो. तुम्हाला ठाऊक आहे का तुमच्या ट्रंकेत काय आहे ते? इथे बेसबॉलच्या शौकिनांसाठी असेच चित्रांचे नकाशे निघायचे, तीस-चाळीस सालातले. स्टेडियम, खेळाडू, आगगाड्या, सगळं रंगीत. लोक ते ऑक्शनमध्ये घेतात, काचेत लावतात. मी इंटरनेटवर दोन तास शोधलं. आपल्याकडचा, कुस्तीचा, असा एकही सापडला नाही. म्हणजे अत्यंत दुर्मीळ. तो तुमच्या हिवाळी स्वेटरांबरोबर डांबराच्या गोळ्यांत पडलाय.

म्हणून तीन गोष्टी. एक, त्या सुमोवाल्याला सध्या काहीच देऊ नका, भिंतीवर रंगवायलासुद्धा. चारचौघांत आला की दुर्मीळपणा संपला. दोन, कोपऱ्यावरचा तो कागद वाळवी लागली म्हणून कुणीतरी चिकटवला असणार. मुंबईत जुने कागद दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. ते वाफेवर अलगद काढतील. मारुती दिसला पाहिजे, त्याशिवाय नकाशा पूर्ण धरत नाहीत. तीन, नावाचा आग्रह सोडा. वनमाळी असो नाहीतर आणखी कुणी, इथल्या माणसाला काय फरक पडतो? आणि मेहेरबानी करून पेपरवाल्यांना बोलावू नका. आता पुण्याचे पेपर आम्ही इथे कॉम्प्युटरवर वाचतो. इथल्या मराठी मंडळातले सगळे वाचतात.

दोन हजार साल येतंय म्हणून इथे सगळ्या कॉम्प्युटरांची तारीख दुरुस्त करायचं काम चालू आहे. मी त्यातच बुडालोय. सोनाली बरी आहे. दीक्षाला सांगा, झेरॉक्सच्या मशीनखाली मूळ कागद परत घालू नकोस.

तुमचा
अनिरुद्ध

---

कर्वेनगर, पुणे
सोमवार, ७ डिसेंबर १९९८

चि. अनिरुद्धभावजी यांस,
सप्रेम जयभीम.

काल सहा डिसेंबर. विहारात दिवसभर गेला, म्हणून आज लिहिते. तुमच्या तीन गोष्टींपैकी दुसरी आधी घेते.

वाळवी नव्हे. तुमचा जन्म नंतरचा, म्हणून तुम्हाला माहीत नाही, आणि घरात हे कुणी बोलतही नसे. छप्पन साली आबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर घरातल्या देवांच्या तसबिरी शेजाऱ्यांबरोबर नदीवर नेऊन सोडल्या. नकाशा राहिला. त्यातला मारुती आबांनी स्वतः काढलेला, आणि सासूबाई म्हणत की सगळ्या नकाशात तेच चित्र उत्तम होते. शेपटीचा केस न् केस दिसे. शपथ घेतलेली, म्हणून तो भिंतीवर चालणार नाही. आणि हाताने काढलेले फाडवेना. मग आबांनी कणकेची खळ केली, पांढरा कागद कैचीने मापात कापला आणि वर चिकटवला. कडा पाहा, नखभरही वाकडी नाही. ज्याने काढला त्यानेच झाकला. तिसऱ्याने तो उघडायचे कारण नाही, मग मुंबईचे गृहस्थ कितीही अलगद असोत.

आता पुरावा.

तुमच्या पत्राची वाट पाहताना मी रोज वंदना झाली की नकाशा घेऊन बसत होते. माझे माहेर पाबळ. पाबळचे चित्र मी पन्नासदा पाहिले असेल. त्या दिवशी एकदम लक्षात आले, की हे देऊळ मला पाठीमागून दिसते आहे. पुढे आड, आडाच्या अलीकडे एक वाकडी चिंच, मग पागोट्यांच्या पाठी, आणि त्यांच्यावरून पलीकडे फडातले पैलवान, तांदळाएवढे. हे चित्र बरोबर गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातून काढलेले आहे. देऊळ मला माहीत आहे ते असेच, पाठीकडून. लहानपणी त्याची दुसरी बाजू पाहायची सोयच नव्हती.

मग बाकीची तीस गावे पाहिली. सगळीकडे तेच. पाठी जवळ, पैलवान लांब.

मी हिशेबाच्या वहीचे मागचे पान घेतले आणि चार रकाने आखले. गाव. चित्रात सर्वांत पुढे काय दिसते. ते गावच्या कोणत्या अंगाला आहे. सांगणारीचे नाव. परवाच्या गुरुवारी मार्गशीर्ष पौर्णिमा होती. विहारात खीर वाटून झाल्यावर मी सतरंजीवर झेरॉक्स पसरली आणि म्हटले, ज्यांची माहेरे, सासरे, आजोळे ह्यात असतील त्यांनी बघा. मी काहीच सांगितले नाही, फक्त विचारले, हे पुढे दिसते ते काय?

भावजी, तासाभरात सतरंजीवर बसायला जागा उरली नाही. यवतच्या द्वारकाबाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, ही आमची उखळाची शिळा. हिच्यावर बसून माझी आई गोवऱ्या मोजायची. हा माणूस आमच्या दारात बसला होता काय?" चाकणच्या चंद्रभागाबाईंना बांध ओळखता आला, पण बाभळ चुकीची काढली म्हणून त्या चित्रकारावर रागावल्या. मागून त्यांच्याच जावेने सांगितले की बाभळ बरोबर आहे, वीज पडून मोडली ती नंतर. त्यावरून दोघींचे जे सुरू झाले ते खीर संपेपर्यंत. एकतीसपैकी एकोणीस गावांना बोलणारी कुणी ना कुणी निघाली. एकोणीसच्या एकोणीस चित्रे आपल्या वस्तीच्या अंगाने काढलेली. देवळाच्या पायरीवरून काढलेले एकही नाही. वनमाळी त्या काळचे प्रतिष्ठित गृहस्थ. ते कुठल्याही गावी गेले असते तर पाटलांनी पहिल्या रांगेत लोड-तक्क्याशी बसवले असते. एकोणीस गावांत वाड्याच्या उकिरड्याशी ते कशाला उभे राहतील?

ही वही घेऊन मी वाघोलीला जाणार आहे. तुमची पहिली आणि तिसरी गोष्ट मला पटली नाही. इथल्या माणसाला फरक पडतो. तुमची संमती पाठवा.

नंदावहिनी

---

एडिसन
२२ डिसेंबर १९९८

वहिनी,

तुम्ही डोकं चालवलंत, मान्य. पण मला हे बरोबर वाटत नाही.

नाव टाकायचंच असेल तर 'बी. डी. ओव्हाळ, आर्टिस्ट' एवढं टाका आणि संपवा. कुठून पाहिलं, कुणाच्या वाड्याच्या बाजूने, गोवऱ्या, उकिरडा हे कशासाठी? चित्र चांगलं आहे ना, मग ते कुणी कुठे उभं राहून काढलं ह्याच्याशी बघणाऱ्याला काय करायचंय? पन्नास वर्षं झाली. मी हे सगळं तिकडे ठेवून आलोय. इथे मला कुणी विचारत नाही आणि ते मला आवडतं. गेल्या वर्षी मंडळाच्या कमिटीवर घेतलंय मला.

ती वही घेऊन तुम्ही वाघोलीला गेलात की उद्या ते कुठल्या तरी पेपरात फोटोसकट येणार. माझ्या नावासकट.

निम्मा नकाशा माझा आहे. माझी संमती नाही.

अनिरुद्ध

---

कर्वेनगर, पुणे
रविवार, १० जानेवारी १९९९

चि. अनिरुद्धभावजी यांस,
जयभीम.

पत्र मिळाले. एरवी तुमची सोनाली माझ्यासाठी एखादी ओळ लिहिते, ह्या दोन्ही पत्रांत तीही नव्हती. म्हणजे तिला न दाखवता पेटीत टाकलीत.

मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होता आणि मी तुम्हाला अहो-जाहो करून आंघोळीला बोलवत होते. तेव्हाही तुम्ही काही लपवलेत की ह्या पत्रासारखेच तोडून बोलायचात. तिथले लोक तुम्हाला काय समजतात ते मी विचारत नाही. सांगितलेत तर वाचीन.

वाघोलीला मात्र मी गेले. वही नेऊ नका असे पत्र आले तेव्हा मी जाऊन आले होते, त्यामुळे तुमची आज्ञा मोडली असे होत नाही. दीक्षा बरोबर होती. दोन बस बदलून गेलो, सुमो पाठवतो म्हणाले होते, ती नको म्हटले. ज्याच्याशी वाद घालायचा त्याच्या गाडीतून जाऊ नये.

पृथ्वीराजांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माणूस वाईट नाही. म्हणाले, हे खरे असेल, पण यावर कुणाची सही नाही, सगळ्या बायकांच्या तोंडच्या गोष्टी. उद्या वनमाळींचे नातू आले तर त्यांना काय दाखवू? आणि मग जरा खालच्या आवाजात, की संकुलाच्या दारावर हे लिहिले तर गावात म्हणतील, जुने उकरून काढले. मी म्हटले, जुने तुम्हीच उकरताहात. आजोबा काही कालचे नाहीत.

त्यांच्या आजी ओसरीवर तुरी निवडत होत्या. सरुबाई. दत्तोबा पैलवानांच्या पत्नी, वय पंच्याऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. आत काय चालले आहे ते त्यांना सगळे ऐकू येत होते. त्यांनी हाक मारली, काय कागद हाय तो इकडं आणा. दीक्षाने मूळ नकाशा त्यांच्यासमोर धरला. वाचता येत नाही, पण त्यांनी बोट फिरवत फिरवत वाघोलीवर आणून ठेवले.

"हे मी बघितलेलं हाय," त्या म्हणाल्या. "आस्संच."

पृथ्वीराज हसले. म्हणाले, आजी, तू कधी फडात गेलीस? त्यावर म्हातारी काय म्हणाली ते जसेच्या तसे लिहिते, कारण घरी आल्या आल्या मी ते वहीत उतरवून ठेवले.

"फडात कोण येऊ देतंय बायांना? आमी लांब बांधावर. त्या अंगाला ह्या बाईंची माणसं, ह्या अंगाला आमी बाया, मधी बाभळ. तुझ्या आज्याला मी एवढाच बघितलाय, पागोट्यांच्या वरनं, एवढा. घरी आल्यावर लोक सांगायचे आज काय डाव टाकला, तवा मला कळायचं. आन् तितं एक माणूस यायचा, मांडीवर पाटी घेऊन गिरवत बसायचा. मला वाटायचं तलाठ्याकडचा हाय, हिशोब लिवतोय."

मग नातवाकडे वळून म्हणाली, "ह्याचं नाव घाल. फडात बसलेल्या माणसाला असं दिसतच न्हाय."

भावजी, मी समजत होते की फडाबाहेरची ही जागा फक्त आपली.

तर ठरले ते असे. भिंतीवर मारुतीच्या कोपऱ्याची चौकट मोकळीच राहील. मारुती आत तालमीत आहेच, तो त्यांचा. त्या मोकळ्या चौकटीत दोन ओळी येतील : 'चित्रकार : भीमराव धोंडिबा ओव्हाळ. ही सर्व चित्रे फडाबाहेर उभे राहून काढली आहेत.' दुसऱ्या ओळीवर पृथ्वीराज अडले होते. पहिली घ्या, दुसरी राहू द्या, म्हणत होते, अगदी तुमच्यासारखेच. मी म्हटले, दुसरी नसेल तर पहिलीही नको आणि नकाशाही नको. सरुबाई तुरी निवडता निवडता म्हणाल्या, लिव्ह की, खोटं हाय का? दुसरी ओळ राहिली.

बी. डी. ओव्हाळ, आर्टिस्ट ह्या माणसाला मी ओळखत नाही. तो आपल्या घरात राहत नव्हता.

पण नकाशा मी अजून त्यांच्या हाती दिलेला नाही. निम्मा तुमचा, हे खरेच आहे. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही, हे मी रोज सकाळी पंचशीलात म्हणते. घरच्या माणसाचे आहे म्हणून ते बदलत नाही. रंगारी शिवरात्रीनंतर काम धरणार. तुमची सही आली तर देईन, नाही आली तर भिंत कोरी राहील आणि मी पृथ्वीराजांना तसे कळवीन. कारण विचारले तर कारणही सांगेन.

नंदावहिनी

---

कर्वेनगर, पुणे
मंगळवार, १६ फेब्रुवारी १९९९

भावजी,

हे साधे कार्ड, पाकिटातून. शिवरात्र झाली. रंगाऱ्याने परांची बांधली आहे. पृथ्वीराजांचा दोनदा निरोप आला. मी सांगितले, थांबा. किती, ते मलाही माहीत नाही.

नंदा

---

एडिसन
२० फेब्रुवारी १९९९

प्रिय वहिनी,

सही सोबत जोडली आहे. नोटरी करून. आधी ती लिहितो, कारण बाकीचं वाचून तुम्हाला सही नकोशी वाटेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मंडळाच्या सहलीत एकाने विचारलं, वडील काय करायचे? मी म्हटलं, बुधवारात लिथो प्रेस होता. त्याने विचारलं, स्वतःचा? मी म्हटलं, हो. एवढंच. मग ते वाढत गेलं. आडनाव त्याने नीट ऐकलं नव्हतं, ते मी दुरुस्त केलं नाही. सहा वर्षं माझ्या मित्रांच्या दृष्टीने आबा छापखान्याचे मालक आहेत. वनमाळींनी आबांचं नाव गाळलं, वहिनी. मी आबांना वनमाळी केलं. तुमच्या पहिल्या पत्रात ते नाव वाचलं, आणि मी तुम्हाला बेसबॉलबद्दल लिहिलं.

सोनालीला माहीत होतं. ती कधी काही बोलली नाही. तुमचं जानेवारीचं पत्र मी तिला दाखवलं. वाचून म्हणाली, सासूबाई नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर वहिनींच्या आधी त्याच जाब विचारायला आल्या असत्या.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. मी सातवी-आठवीत असताना आबांना विचारलं होतं, नकाशावर तुमचं नाव का नाही? लिथोच्या दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, चित्रं, अक्षरं, सगळं. तळाची ओळसुद्धा आबांनीच काढली होती, वनमाळींचं नाव, एकेक अक्षर उलटं. मी म्हटलं, मग तुमचं का नाही काढलंत? म्हणाले, "सांगितलं नव्हतं." चिडून नाही. हातातलं काम न थांबवता. मला त्या उत्तराची इतकी लाज वाटली की मी पुन्हा कधी तो नकाशा उघडला नाही. दादा उघडू देत नसत असं नाही, वहिनी. तो समोर आला की मी रडायचो, म्हणून त्यांनी तो वर ठेवला.

गेल्या शनिवारी मंडळाची बैठक होती. दीक्षाने पाठवलेली झेरॉक्स नेली आणि टेबलावर पसरून सांगितलं, हे माझ्या वडिलांनी काढलं, प्रेस त्यांचा नव्हता, ते तिथे नोकर होते, आणि ही चित्रं अशी लांबून का आहेत तेही सांगितलं. सदाशिव पेठेतले एक जण म्हणाले, "अस्सं का," आणि गाडी बर्फात अडकेल म्हणून उठले. दुसऱ्या दोघांना प्रत हवी आहे. एकाने विचारलं, दुसरं काय काय सांगितलंस आम्हाला? हसत विचारलं, पण विचारलं. कमिटीवर पुढच्या वर्षी असेन असं वाटत नाही.

दोन्ही ओळी ठेवा. नाव पूर्ण.

तुमचा
अनिरुद्ध

सोनालीची ओळ : वहिनी, नमस्कार. उद्घाटनाचे फोटो दोन प्रती काढा. एक आम्हाला. — सो.

---

कर्वेनगर, पुणे
बुधवार, २४ मार्च १९९९

चि. अनिरुद्ध,

आज भावजी लिहीत नाही. तुमचे पत्र पाच मार्चला मिळाले. त्याच दुपारी मी नकाशा घेऊन वाघोलीची बस धरली. पत्र उशीखाली आहे.

रंगारी पोपट नावाचा हडपसरचा माणूस. एरवी सिनेमाचे फलक रंगवतो. पहिल्या दिवशी त्याने पैलवानांचे चेहरे जवळ आणून मोठे केले, मिशा पिळदार केल्या. मी म्हटले, पुसा. म्हणाला, ताई, लोकांना चेहरे दिसायला पाहिजेत. मी म्हटले, ज्यांनी काढले त्यांना दिसले नव्हते, तेव्हा तुम्हीही काढू नका. पुसले त्याने. मग मात्र पाठी इतक्या नीट काढल्या की सरुबाई दोन-तीन पागोट्यांची नावे सांगू लागल्या.

उद्घाटन परवाच्या रविवारी झाले. वनमाळींचे नातू आले होते. त्यांनी चौकटीतल्या दोन्ही ओळी वाचल्या, आमचे आजोबा छापत असत, काढत कोण असे ते आम्हाला ठाऊक नाही, असे म्हणाले आणि पेढा घेतला. पेपरात बातमी आली. तुमचे नाव नाही. आबांचेही नव्हते, 'एका अज्ञात चित्रकाराचा नकाशा' असे छापले होते. मी संपादकांना कार्ड टाकले. आजच्या अंकात खुलासा आला आहे, कात्रण सोबत. बोटभर आहे, पण नाव पूर्ण आहे. तुम्ही तिकडे कॉम्प्युटरवर वाचालच.

विहारातल्या सगळ्या बायका आल्या होत्या, टेम्पो करून. भिंतीपुढे एकच गर्दी, जो तो आपले गाव शोधतोय. द्वारकाबाईंनी यवतच्याच पाटलीणबाईंना हाताला धरून आपल्या उखळाची शिळा दाखवली. पाटलीणबाई म्हणाल्या, मी ही कधी बघितली नव्हती. द्वारकाबाई म्हणाल्या, तुम्ही कशाला येताय आमच्याकडं. दोघी मग एकाच बाकावर चहा पीत बसल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक.

कुस्त्या संध्याकाळी लागल्या. पृथ्वीराजांनी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवल्या होत्या, एकीवर सरुबाई, शेजारी मी, पलीकडे दीक्षा. काही म्हातारी माणसे कुजबुजली, फडाजवळ बायका. सरुबाईंनी ऐकले आणि खुर्ची आणखी पुढे सरकवून घेतली, पाय तांबड्या मातीला लागेपर्यंत. मग मीही घेतली.

मी कुस्ती पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. एक सांगते. पैलवान फार जोराने श्वास घेतात. एकमेकांना धरून उभे असतात, बाहेरून वाटते काहीच चालले नाही, आणि आतून भात्यासारखा आवाज येत असतो. मध्ये एक जण अगदी हळू आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "लागलं काय रं?" आणि दुसरा म्हणाला, "न्हाय. धर." मी सरुबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. साठ वर्षे संसार केला, आणि हे त्यांना माहीत नव्हते.

आबांच्या एकतीस चित्रांत सगळे आहे. पागोट्यांचे पेच, वाकडी चिंच, शड्डूला उचललेला हात. हा आवाज मात्र त्यांना कधी ऐकू आला नसणार. मी शेवटच्या कुस्तीपर्यंत तिथून उठले नाही.

वहिनी